दोघे-तिघे मिळून जाऊ या



घरातला माणूस दारूच्या आहारी गेला की आपण दोनच गोष्टी करतो : भांडतो किंवा झाकतो. कापसाच्या चुकाऱ्यातून त्याची उधारी फेडतो, कामावर 'ताप आहे' असा निरोप धाडतो. आणि म्हणतो, ठेच लागली की सुधारेल.

संत मत्तयच्या शुभवर्तमानातील १८ व्या अध्यायात प्रभू येशू वेगळी वाट दाखवितो. चुकलेल्या भावाला आधी एकांतात भेटावे. ऐकले नाही तर आणखी एक-दोघांना सोबत न्यावे. हेतू एकच, भाऊ परत मिळावा. अमेरिकेतील धर्मगुरू व्हर्नन जॉन्सन स्वतः दारूतून सावरले होते. माणूस पुरता बुडेपर्यंत थांबू नये, जिवलगांनी एकत्र बसून त्याला सत्य सांगावे, असे त्यांनी १९७३ च्या आपल्या पुस्तकात मांडले.

आपणही ठरवून जाऊ या. तो शुद्धीत असताना, सकाळी. 'बेवडा' असे न हिणवता, जे पाहिले तेवढेच सांगू : "काल रात्री पोरगी तुला पाहून लपली." उपचाराची चौकशी यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात आधीच करून ठेवू. रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नये. आकडी येऊन जिवावर बेतू शकते.

तो 'नाही' म्हणाला, तर झाकणे थांबवू. प्रेम थांबवणार नाही. पुन्हा जाऊ.

प्रभू आपल्याला हे धैर्य देवो. आमेन.