चप्पल घालून अंघोळ

पोरांनो, गेल्या रविवारी एकलहऱ्यातल्या एका ओळखीच्या घरी गेलो होतो. हात धुवायला न्हाणीघराकडे निघालो, तर घरातली सहावीतली मुलगी मागून म्हणाली, "आजोबा, चप्पल घालून जा. नळाला मुंग्या येतात."

तिच्या आवाजात भीती नव्हती. पायरी ओली आहे, जपून जा, असं सांगावं तसं तिनं सांगितलं. मी तिच्या आईला विचारलं. ती म्हणाली, दिवाळीपासून असंच आहे, आम्ही सगळे रबरी चप्पल घालूनच अंघोळ करतो. चार माणसांचं कुटुंब. त्यात एक म्हातारी, जिला वाकून चप्पल चढवायलाही भिंतीचा आधार लागतो, आणि ती भिंत ओली असते.

मी गिझर बंद करायला लावला आणि डीबी उघडला. आरसीसीबीची जागा रिकामी होती. आलेल्या दोन वायरी आणि गेलेल्या दोन वायरी एकमेकींना पिळून वर काळी टेप गुंडाळलेली. मालक म्हणाले, "सारखा पडायचा, सर. वायरमनला बोलावलं, त्यानं काढून टाकला. तेव्हापासून काही त्रास नाही." वायरमनचं नाव विचारलं. ते माझ्या वर्गात दोन वर्षं दुसऱ्या बाकावर बसलेल्या मुलाचं निघालं.

नाव इथे घेणार नाही. वाचलं की त्याला कळेल. पण बाकीच्यांनी सुटकेचा श्वास सोडू नका. गेल्या काही वर्षांत या गावात, सामनगावला, नाशिकरोडला तुमच्या हातची किती कामं मी पाहिली आहेत ते मला ठाऊक आहे. हे सगळ्यांना आहे.

आरसीसीबी पडतो कशानं, हे मी तुम्हाला फळ्यावर किती वेळा काढून दाखवलं? फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला पाहिजे. आतलं लोखंडी कडं फक्त या दोघांतला फरक बघतं. फरक पडला याचा अर्थ काही करंट वाटेत दुसरीकडे गेला: भिंतीतून, पाइपातून, नाहीतर माणसातून. तो 30 मिलिॲम्पिअरपर्यंत पोचला की एका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत आरसीसीबीनं तोडलंच पाहिजे. म्हणजे त्या घरातला आरसीसीबी रोज सांगत होता की करंट बाहेर जातो आहे. तुम्ही त्याचं म्हणणं ऐकून गळती शोधायची होती. तुम्ही त्यालाच काढून टाकलंत, मजुरी घेतलीत, आणि घरच्यांना वाटलं दुरुस्ती झाली.

मी घरी जाऊन मेगर घेऊन आलो. गिझरची वायर काढली, कॉइल आणि बॉडीमध्ये 500 व्होल्टचा मेगर लावला. निदान एक मेगओहम दिसायला हवा होता. काटा शून्याजवळून हलला नाही. दहा मिनिटांचं काम. दिवाळीत ज्यानं डीबी उघडला त्यानं तेव्हाच हे केलं असतं तर कॉइल बदलून विषय संपला असता.

पुढचं ऐका. गिझरच्या सॉकेटमध्ये हिरवी वायर होती. तिच्या मागे मागे गेलो. ती पाइपातून खाली येऊन मीटरपेटीमागे कापलेली होती. कशालाच जोडलेली नव्हती. बोर्ड उघडणाऱ्याला हिरवी वायर दिसावी एवढ्यासाठी ती तिथे होती. याला मी निष्काळजीपणा म्हणणार नाही. ही फसवणूक आहे. निष्काळजी माणूस वायर ओढायची विसरतो. इथे कुणीतरी वायर ओढली, रंग बरोबर निवडला, आणि टोक भिंतीत सोडून निघून गेला.

दुसऱ्या घरांत याहून वाईट पाहिलं आहे. अर्थिंग नाही म्हणून सॉकेटच्या आत न्यूट्रलचा तुकडा अर्थच्या पिनेला जोडून दिलेला. टेस्टर बल्ब लावला की पेटतो, गिऱ्हाइकाला वाटतं अर्थिंग आहे. आता खांबावरची किंवा मीटरची न्यूट्रल सुटली तर काय होईल, सांगा. फेज फ्रिजच्या आतून फिरून न्यूट्रलवर येईल, आणि त्या तुकड्यातून फ्रिजच्या दारावर येईल. 230 व्होल्ट, फ्रिजच्या कडीवर. फ्रिज नवा असो, चांगल्या कंपनीचा असो, त्याचा काही उपयोग नाही. थ्री-पिनची अर्थची पिन लांब आणि जाड का असते, हा पहिल्या महिन्यातला प्रश्न. ती सगळ्यात आधी लागावी आणि सगळ्यात शेवटी सुटावी म्हणून. ती पिन घडवणाऱ्यानं एवढा विचार केला, आणि तुम्ही तिच्या मागे न्यूट्रल बांधता?

"सर, एमसीबी आहे की," असं तुमच्यातला एक जण मला तोंडावर म्हणाला होता. डिप्लोमा झालेला मुलगा. म्हणून पुन्हा सांगतो. एमसीबी वायर वाचवायला असतो, माणूस वाचवायला नसतो. ओल्या अंगाचा रोध हजार ओहम धरा. 230 व्होल्टला त्यातून 230 मिलिॲम्पिअर जाईल. पूर्वीचा 60 वॅटचा पिवळा बल्ब याहून जास्त घ्यायचा. दहाच्या आसपास स्नायू आखडतात, धरलेलं सुटत नाही. म्हणजे 230 पर्यंत पोचायच्या कितीतरी आधीच करंट माणसाला मारायला पुरेसा होतो. आणि तुमचा 16 अँपिअरचा एमसीबी 16,000 मिलिॲम्पिअर सुखानं वाहू देतो. न्हाणीघरात माणूस तडफडत असेल तेव्हा एमसीबीच्या लेखी घरात एक बल्ब लागलेला असतो.

आपण कुठे राहतो याची तरी जाणीव ठेवा. मी इथे आलो तेव्हा आपल्या औष्णिक वीज केंद्रात 140 मेगावॅटचे दोन जुने संच चालू होते, 1970 आणि 1971 साली सुरू झालेले. ते आता बंद आहेत. पुढे 1979 ते 1981 या काळात 210 मेगावॅटचे तीन आले, त्यांचे 630 मेगावॅट. गावाच्या कुठल्याही गच्चीवरून चिमण्या दिसतात. तुमच्यातल्या निम्म्यांचे वडील, काका, मामा त्या गेटमधून आत जात होते. आत काम कसं चालतं हे त्यांना विचारा. परमिट हातात पडल्याशिवाय कुणी पॅनेलला हात लावत नाही. वीज तोडली, टेस्ट केली, डिस्चार्ज रॉड लावून अर्थ केलं, पाटी अडकवली, मग माणूस आत गेला. ज्याच्या नावानं परमिट निघालं त्यानंच ते परत करायचं, तोपर्यंत साहेब आला तरी स्विच चढत नाही. हे नियम कुणाच्या तरी मरणातून शिकून लिहिले गेलेले असतात, म्हणून ते पाळतात. तोच माणूस संध्याकाळी कॉलनीतून घरी येतो आणि पाण्याच्या मोटरच्या दोन उघड्या वायरी सॉकेटमध्ये काडेपेटीच्या काड्यांनी दाबून बसवतो. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि त्या माणसाच्या वयाकडे न बघता त्याला बोललो आहे. आत मोठा दाब असतो म्हणून धाक आणि घरात 230 म्हणून घरचीच वीज, असा हिशेब कुणी शिकवला तुम्हाला? आपल्या देशात विजेच्या धक्क्यानं दरवर्षी दहा हजारांहून जास्त माणसं जातात. ती काही सगळी टॉवरवर चढलेली नसतात.

आपल्याकडच्या काळ्या मातीबद्दल मी वेगळा तास घेतला होता. कुणाला आठवतो? पावसाळ्यात ही माती अर्थिंगला उत्तम. पाणी धरते, रोध कमी येतो. पण चैत्र-वैशाखात ती आकसते, भेगा पडतात, आणि इलेक्ट्रोडला सोडून मागे सरते. ऑगस्टमध्ये दोन-तीन ओहम दाखवणारा खड्डा मे महिन्यात किती दाखवेल ते त्याच महिन्यात मोजल्याशिवाय कळत नाही. म्हणून कोळसा आणि मीठ, म्हणून वर फनेल, म्हणून उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी. तुम्ही केलेल्या घरांत मी खड्डा शोधतो तर वर पेव्हर ब्लॉक बसवलेले असतात आणि त्यांवर मोटरसायकल उभी असते. पाणी घालणार कुठून? मोजणार कुठे? अर्थ टेस्टर तुमच्यापैकी किती जणांकडे आहे? मोबाइल सगळ्यांकडे नवा आहे.

आता घरमालकांनो, तुम्हीही ऐका, कारण माझ्या पोरांना बिघडवण्यात तुमचा वाटा मोठा आहे. घर बांधताना टाइल्स बघायला तुम्ही सहा दुकानं फिरता. पीओपीत दिवे किती बसवायचे यावर दोन दिवस चर्चा होते. आणि वायरमननं अर्थिंगचा खड्डा, आरसीसीबी, गिझरला अडीच चौरस मिलिमीटरची वायर असा हिशेब दिला की तुमचा पहिला शब्द, "एवढं लागतं का?" तो मग अडीचच्या जागी एकची ओढतो. तीन किलोवॅटचा इन्स्टंट गिझर 13 अँपिअर घेतो. भिंतीतल्या पाइपात एकची वायर रोज सकाळी तापते, तिचं आवरण कडक होत जातं, आणि ते तुम्हाला दिसत नाही. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. ढिला स्क्रू तर आणखी वाईट. सॉकेटचा कोपरा पिवळा पडलेला, प्लग काढल्यावर गरम लागलेला, हे बघूनही तुम्ही तिथेच पुन्हा प्लग लावता. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात 9 जानेवारी 2021 च्या पहाटे नवजात बाळांच्या कक्षाला आग लागून 10 बाळं गेली. त्या सकाळी तुम्ही सगळे हळहळलात. मी दोन घरी जाऊन म्हणालो, आपले बोर्ड उघडून बघू. दोन्हीकडे उत्तर आलं, "आमच्याकडे सगळं ठीक आहे, सर."

आणि टेस्ट रिपोर्ट. नव्या जोडणीसाठी तो लागतो. परवानाधारक ठेकेदारानं घर तपासलं, इन्सुलेशन मोजलं, अर्थिंग मोजलं, असं तो कागद सांगतो. घर न बघता त्यावर सही होते, आणि ती सही आणून देणारे माझेच विद्यार्थी असतात. अनुज्ञापक मंडळाचा तारतंत्री परवाना मिळाला तेव्हा तुमच्यातले काही जण पेढे घेऊन माझ्याकडे आले होते. मी ते पेढे खाल्ले. परवाना म्हणजे सरकारनं तुमच्या नजरेवर ठेवलेला विश्वास आहे. न पाहिलेल्या घराच्या कागदावर तो लावलात तर तुमची नजर विकलीत, आणि तिथे उद्या एखादं मूल चिकटलं तर त्या कागदावरचे आकडे कुणी मोजले हा प्रश्न तुमच्यापर्यंत येणारच.

तुम्ही म्हणाल, "सर, तपासणीचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. पंखा बसवला तर देतो, बोर्ड बदलला तर देतो, नुसतं बघण्याचे कोण देणार?" हे खरं आहे. मी ते नाकारत नाही. तुमच्या पोटाचा प्रश्न मला समजतो, मी तुम्हाला उपाशी राहा म्हणत नाही. पण तुम्ही कधी मागितले का? बिलावर वेगळी ओळ लिहून, "तपासणी" असं लिहून, समोर ठेवले का? दोन खोल्यांच्या घराला दीड तास लागतो. मेन बंद करून मेगर, स्विच फेजवर आहे की न्यूट्रलवर ते प्रत्येक बोर्डावर, अर्थचं टोक खड्ड्यापर्यंत सलग आहे का, खड्ड्याचा रोध, आणि शेवटी आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबून तो पडतो का. आलेले आकडे कागदावर लिहून, खाली सही करून मालकाच्या हातात द्या. आजवर एकाही घरात मला असा कागद भिंतीवर लावलेला दिसला नाही. डॉक्टर रिपोर्ट हातात देतो म्हणून लोक तपासणीचे पैसे देतात. तुम्ही बोर्डाला टेस्टर लावून "ओके आहे" म्हणता आणि निघता, मग कशाचे देतील?

मी रागावलो आहे आणि तो राग लपवणार नाही. तुम्हाला येत नसतं तर मी स्वतःला दोष दिला असता. तुम्हाला येतं. त्या दुसऱ्या बाकावरच्या मुलानं माझ्यासमोर आरसीसीबीची जोडणी डोळे मिटून करून दाखवली होती. दुसऱ्या सर्किटची न्यूट्रल मिसळली की तो विनाकारण पडतो, हेही त्यानंच वर्गाला समजावून सांगितलं होतं. त्याला कारण शोधता येत होतं. त्यानं शोधलं नाही, कारण टेप गुंडाळायला पाच मिनिटं लागतात आणि पुढचं काम वाट बघत होतं.

येत्या रविवारी सकाळी 8 वाजता मी त्या घरी पुन्हा जाणार आहे. खड्डा उकरायचा आहे, हिरवी वायर खाली न्यायची आहे, कॉइल मालकांनी आणून ठेवली आहे. ज्यानं आरसीसीबी काढला त्यानं 30 मिलिॲम्पिअरचा नवा घेऊन यावं आणि स्वतःच्या हातानं बसवावा. पैसे मी देईन. बाकीच्यांनी आपापले मेगर घेऊन यावं, नसेल तर माझा आहे. त्या गल्लीत आणखी अकरा घरं आहेत, दुपारपर्यंत होतील. तोवर त्या घरात अंघोळीचं पाणी गॅसवर तापतं आहे.