ब्लॅकहीथची माफी

हार पचवता न येणारे, धसमुसळे, मैदानावरच्या रीतिभातीशी ओळख नसलेले. १८८९ साली इंग्लंडमध्ये ‘न्यूझीलंड नेटिव्ह्ज’ या रग्बी संघाबद्दल असं बोललं गेलं, छापलंही गेलं. त्या टीकेकडे पुन्हा एकदा नीट पाहावं असं मला मनापासून वाटतं. कारण ज्या सामन्यामुळे हा शिक्का पक्का झाला, त्या सामन्यातलं सगळ्यांत सभ्य वागणं याच खेळाडूंचं होतं.

संघ निवडक, पण हौशी. २६ खेळाडू, त्यांतले बहुतेक माओरी. कर्णधार जो वॉरब्रिक आणि त्याच्या जोडीला त्याचे चार भाऊ. दक्षिण गोलार्धातून ब्रिटनमध्ये रग्बी खेळायला आलेला हा पहिलाच संघ. त्याआधी, १८८८ च्या उन्हाळ्यात, मुंबईचे पारशी क्रिकेटपटूही इंग्लंडच्या दौऱ्यावर होते आणि मेहेलाशा पावरींची गोलंदाजी तिथे गाजत होती. साम्राज्याच्या कडेची माणसं साम्राज्याचे खेळ त्याच्याच अंगणात जाऊन खेळू लागली होती.

ऑक्टोबर ते मार्च, सहा महिन्यांच्या आत नेटिव्ह्ज ब्रिटनमध्ये ७४ सामने खेळले. म्हणजे आठवड्याला जवळजवळ तीन. रग्बीत तेव्हा बदली खेळाडू नसे. एकाचा पाय मुरगळला की उरलेल्या चौदांनी सामना ओढायचा आणि दोन दिवसांनी पुन्हा चिखलात उतरायचं. तरीही त्यांनी ४९ सामने जिंकले, डब्लिनला जाऊन आयर्लंडला हरवलं. ते साधुसंत होते असं मी म्हणत नाही. काही सामने दांडगाईचे झाले. पण इतक्या थकव्यात खेळणाऱ्यांना जोखताना तो थकवाही हिशेबात धरायला हवा.

१६ फेब्रुवारी १८८९ ला ब्लॅकहीथच्या मैदानावर त्यांची गाठ इंग्लंडशी पडली. पंच होते जॉर्ज रोलंड हिल, म्हणजे इंग्लंडच्या रग्बी युनियनचे चिटणीस. यजमान मंडळाचा कारभारी आणि मैदानावरचा न्यायाधीश एकच. हिल यांच्या सचोटीबद्दल मला शंका नाही, पण ही व्यवस्थाच पाहुण्यांना विश्वास वाटावा अशी नव्हती. इंग्लंडच्या एका ट्रायवरून, म्हणजे गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळवलेल्या गुणांवरून, त्या दिवशी आधीच कुरबुर झाली होती.

उत्तरार्धात नेटिव्ह्जच्या टॉम एलिसननं इंग्लंडच्या अँड्र्यू स्टॉडर्टला पकडलं आणि त्या झटापटीत स्टॉडर्टची निकर फाटली. हजारो प्रेक्षकांसमोर माणूस अवघडून उभा. खेळ थांबला असं समजून नेटिव्ह्जचे खेळाडू त्याच्याभोवती कडं करून उभे राहिले, त्याला आडोशात कपडे बदलता यावेत म्हणून. तेवढ्यात इंग्लंडच्या फ्रँक एव्हरशेडनं चेंडू उचलला, धावत जाऊन टेकवला, आणि हिल यांनी ट्राय दिला. स्टॉडर्टनंच खेळ थांबवायला सांगितलं होतं, असं नेटिव्ह्जचं म्हणणं होतं. ते कोणी ऐकलं नाही. मग तिघे खेळाडू मैदान सोडून निघाले. व्यवस्थापकानं समजूत घातल्यावर परतले, पण पंचांनी खेळ त्यांच्यावाचूनच पुढे सुरू केला होता. इंग्लंड ७-० नं जिंकलं.

शिट्टी वाजेपर्यंत खेळत राहावं, हा नियमाचा मुद्दा मला मान्य आहे. मैदान सोडणंही मी योग्य म्हणणार नाही. पण टीकाकारांनी तीन पाठमोरे खेळाडू पाहिले आणि त्याआधी प्रतिस्पर्ध्याची अब्रू झाकायला उभं राहिलेलं कडं नजरेआड केलं. सामन्यानंतर रग्बी युनियननं नेटिव्ह्जकडून लेखी माफीची मागणी केली. त्यांनी ती लिहून दिली. ती पसंत पडली नाही, तेव्हा हिल यांनी दुसरी माफी स्वतः सांगून लिहवली आणि संघाला तिच्यावर सही करावी लागली. निरोप द्यायलाही कोणी अधिकृतपणे आलं नाही.

आणि ब्लॅकहीथचा हा सामना त्या वर्षीचा इंग्लंडचा एकुलता एक आंतरराष्ट्रीय सामना होता, तो का? १८८४ मध्ये स्कॉटलंडशी एका ट्रायवरून वाद झाला. त्यातून पुढे स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्सनं आपलं आंतरराष्ट्रीय मंडळ काढलं, इंग्लंडनं त्यात यायला नकार दिला, आणि १८८८ व १८८९ ही दोन्ही वर्षं इंग्लंडचे या तिघांशी सामनेच झाले नाहीत. एका ट्रायवरून चार देश इतके अडून बसू शकतात, तर तशाच एका ट्रायवरून तीन दमलेल्या तरुणांचा काही मिनिटांचा संतापही समजून घेता आला असता.

एलिसन पुढे वकील झाला. नेटिव्ह्ज काळ्या पोशाखात, रुपेरी नेच्याच्या चिन्हासह खेळत. १८९३ मध्ये न्यूझीलंडच्या संघासाठी काळी जर्सी आणि तेच चिन्ह एलिसननं सुचवलं, आणि आज जग त्या संघाला ऑल ब्लॅक्स म्हणून ओळखतं. वॉरब्रिक आणि त्याचा संपूर्ण संघ २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय रग्बीच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये घेतला गेला. ब्लॅकहीथचा निकाल ७-० असाच राहू दे. त्या संघात खिलाडूवृत्ती नव्हती, हा शेरा मात्र चूक होता.