सॉफ्टवेअरला आत्मा म्हणावे का?

हार्डवेअर हा देह आणि सॉफ्टवेअर हा आत्मा, हा दृष्टान्त हल्ली प्रवचनांतही ऐकू येतो. जीर्ण वस्त्र टाकून नवे घ्यावे तसा आत्मा देह बदलतो, असे गीतेचा दुसरा अध्याय सांगतो. जुन्या फोनमधले सारे नव्यात येते, म्हणून दृष्टान्त पटतोही. पण यंत्राच्या आत पाहिले तर तो उलटीच साक्ष देतो. संगणकाच्या रॅममध्ये प्रत्येक बिट म्हणजे एका सूक्ष्म कपॅसिटरमधला विद्युतभार. तो सतत झिरपतो, म्हणून साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत पुन्हा भरावा लागतो; वीज गेली की तो नाहीसा होतो. एका यंत्रातून दुसऱ्यात जाताना यातले काहीच प्रवास करत नाही. पहिल्यातली मांडणी वाचली जाते आणि दुसऱ्यात तशीच नव्याने रचली जाते. मूळ पुसले नाही, तर दोन्ही प्रती एकाच वेळी चालतात. गीतेतल्या देहीपेक्षा, म्हणजे देहधारी आत्म्यापेक्षा, हे ‘मिलिंदप्रश्न’ या बौद्ध ग्रंथातल्या भिक्षू नागसेनाच्या म्हणण्याला जवळचे आहे: एका दिव्यावरून दुसरा पेटतो, पण पहिल्यातून दुसऱ्यात काही जात नाही.

यावर आक्षेप असा, की एकच प्रोग्रॅम वेगवेगळ्या चिपवर चालतो, म्हणजे तो जडापलीकडचा असलाच पाहिजे. पण या किंवा त्या चिपवाचून चालणे वेगळे आणि कोणत्याच जड आधारावाचून चालणे वेगळे. एक बिट पुसतानाही ठरावीक किमान उष्णता बाहेर पडावीच लागते, हे भौतिकशास्त्रज्ञ रॉल्फ लँडॉअर यांनी १९६१ मध्ये मांडले आणि २०१२ मध्ये ते प्रयोगाने तपासले गेले. माहितीलाही भौतिक किंमत मोजावी लागते. शिवाय सांख्यांनी मन, बुद्धी आणि अहंकार यांना प्रकृतीतच, म्हणजे जडातच, बसवले आहे. आत्मा, त्यांच्या भाषेत पुरुष, हा केवळ साक्षी. त्या हिशेबाने सॉफ्टवेअरची जागा फार तर मनबुद्धीच्या रांगेत, आत्म्याच्या नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ०१०००००१ ही बिटांची ओळ कधी ६५ हा आकडा असते, तर कधी रोमन लिपीतले ‘ए’ हे अक्षर. विद्युतभार तोच, अर्थ दोन. मग अर्थ जडात कसा असेल? अर्थ एकट्या भारात नाही, हे खरेच. तो माणसांनी ठरवलेल्या संकेतात आहे. पण त्यामुळे सॉफ्टवेअर चेतन ठरत नाही. उलट अर्थासाठी ते वाचणाऱ्यावर अवलंबून आहे, एवढेच दिसते. हिशेब, साठवण, निवड ही कामे जड वस्तू करू शकते, हे संगणकाने दाखवले. ती होत असताना कोणी जाणत असते का, हा प्रश्न त्याने सोडवलेला नाही आणि खोडूनही काढलेला नाही.