गव्हाचं पाणी

सिन्नरच्या त्या घरात मे महिना लागला की कुरडया व्हायच्याच. लेक पुण्याहून दोन्ही मुलांना घेऊन माहेरी आली, त्याच संध्याकाळी आजीने दोन किलो लोकवन गहू निवडून, धुऊन मोठ्या पातेल्यात भिजत घातले आणि नऊ वर्षांच्या चिमीला हाक मारली.

"गव्हाचं पाणी तू बदलायचंस. रोज सकाळी, तीन दिवस."

चिमीने आधी संशयाने पाहिलं. गेल्या उन्हाळ्यात पापड वाळत असताना हातात काठी देऊन तिला कावळे राखायला बसवलं होतं, आणि एकही कावळा फिरकला नव्हता.

"आणि नाही बदललं तर?"

"तर गहू वास मारतील. कुरडया आंबट होतील, काळपट पडतील. वर्षभर आपल्यालाच खायच्यात."

चिमीला हे पटलं. मुलांना खोटं काम चटकन ओळखू येतं. सुट्टीत त्यांचा वेळ जावा म्हणून आपण त्यांना कणकेचा गोळा खेळायला देतो आणि पोळ्या मात्र स्वतः लाटतो. दोन दिवसांत त्यांचं मन उडतं, मग आपणच म्हणतो की हल्लीच्या मुलांना स्वयंपाकाची आवड नाही. ज्या कामात चुकलं तर खरंच काही बिघडतं, तेच काम मूल मनापासून करतं.

पहिल्या सकाळी चिमी कोणी न उठवता उठली. गव्हाच्या पाण्यावर बारीक बुडबुडे आले होते. तिने ते चाळणीतून ओतलं, गहू चोळून धुतले, वर चार बोटं येईल एवढं नवं पाणी भरलं. एक दाणा चिमटीत दाबून पाहिला; अजून कडक होता. या सगळ्याला अर्धा तास लागला आणि मोरीपासून ओट्यापर्यंत पाणीच पाणी झालं. आईने फरशी पुसली. काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी आईने सहालाच उठून पाणी बदलून टाकलं. चिमी डोळे चोळत आली तेव्हा पातेलं काठोकाठ भरलेलं, वर स्वच्छ ताटली झाकलेली.

"झालं गं, मी बदललं. झोप अजून थोडी," आई मायेनेच म्हणाली.

चिमी झोपली नाही. दादाबरोबर कॅरम खेळत बसली.

तिसऱ्या दिवशी आई सकाळीच बाजारात गेली. चिमी उठणार आहेच, असं तिच्या मनात होतं. चिमीच्या मनात होतं, आईने बदललंच असणार. दुपारी आजीने ताटली उचलली तर वर फेस आणि घरभर उग्र वास.

आजीने चार पाण्यांनी गहू धुतले. मग लेकीला म्हणाली, "परवा या कामाला एक धनीण होती. काल तू दुसरी झालीस. म्हणून आज एकही उरली नाही."

"अगं आई, मी मदतच केली तिला."

"तिने मागितली होती?"

आई गप्प झाली. मग तिने चिमीला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "काल मी तुझं काम घ्यायला नको होतं." चिमीने मान डोलावली आणि गव्हाचा दाणा दाबला. टचकन पांढरा चीक बाहेर आला.

गहू वाटले, गाळले. चोथा भुसवड्यांसाठी बाजूला ठेवला. गाळलेला चीक रात्रभर तसाच राहिला. चिकाचे कण जड, ते तळाशी बसतात आणि निवळ वर येते. ती निवळ चीक न ढवळता ओतायचं काम सकाळी चिमीकडे आलं. तिने पातेलं इतकं हळू कलतं केलं की दादा कंटाळून निघून गेला. चुलीजवळ मात्र आजीने तिला येऊ दिलं नाही. जेवढा चीक तेवढंच पाणी, त्यात मीठ, हिंग. उकळी फुटल्यावर एका हाताने चीक ओतायचा आणि दुसऱ्या हाताने हाटत राहायचं, नाहीतर गुठळ्या होतात. चीक शिजून चकाकायला लागला, तशी आजीने वाट्या मागवल्या. गरम चीक, वर तूप आणि साखर. या एका वाटीसाठी उन्हाळाभर वाट पाहावी.

गच्चीवर दोन बाजांवर धुतलेल्या साड्या अंथरल्या होत्या. दादाने सोऱ्या फिरवला, चिमीने कुरडया घातल्या. काही गोल झाल्या, बऱ्याच लांबट, दोन-तीन नुसताच गुंता. आजीने एकीलाही हात लावला नाही आणि आईलाही लावू दिला नाही.

संध्याकाळी वळवाचे ढग जमले. आई धावत गच्चीवर आली. चिमी बाजेपाशीच होती.

"उलटून ठेवू का गं?" आईने विचारलं.

चिमीने एका कुरडईची कड बोटाने अलगद उचलून पाहिली. "नको. खालून ओल्या आहेत, तुटतील. उद्या सकाळी उलटू."

"आणि पाऊस आला तर?"

"तर बाजांसकट खोलीत न्यायच्या. दादा आणि मी पायथ्याकडून धरतो. तू उशाकडून धर."