न दिसणारें काम

जी वस्तु नीट चालत आहे तिला हात लावूं नये, हा संसारी माणसाचा आवडता दंडक आहे. आणि घरांतील बहुतेक वस्तूंच्या बाबतींत तो खराही ठरतो. परंतु जुनी मोटार बाळगणाऱ्यास तो एके ठिकाणीं दगा देतो, आणि तेथून जो प्रश्न उभा राहतो तो केवळ यंत्रविद्येचा नाहीं, असें आम्हांस वाटतें.

मारुती ८०० ही गाडी १९८३ च्या डिसेंबरांत आली व २०१४ च्या जानेवारींत तिचें उत्पादन थांबलें; तरी मध्यम स्थितीच्या कुटुंबांच्या दारांत ती कोठें कोठें अद्याप उभी दिसते. तिच्या तीन सिलिंडरांच्या इंजिनांत क्रँकशाफ्टची गति कॅमशाफ्टला पोंचविण्याचें काम रबराचा एक दातेरी पट्टा करतो. हाच टायमिंग बेल्ट. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हां कॅमशाफ्टचा एक व्हावा, व्हॉल्व्ह नेमक्या क्षणीं उघडावे व मिटावे, ही सारी शिस्त त्या दातांवर अवलंबून असते. ॲम्बॅसडरच्या जुन्या इंजिनांत हेंच काम पोलादी साखळी करी. साखळी सैल झाली म्हणजे खडखडूं लागे, आणि मालक सावध होई. पट्टा कुरकुर करीत नाहीं. तो बहुधा कांहीं न सांगतां तुटतो. कांहीं इंजिनांत तेवढ्यानें गाडी जागच्या जागीं थांबते. कांहींत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळून इंजिनाची धूळधाण होते. म्हणून किलोमीटरांचा व वर्षांचा हिशेब पाहून, तो धडधाकट दिसत असतांनाच बदलावा लागतो.

पट्ट्यामागें दोन्ही शाफ्टांच्या टोंकांशीं रबरी ओठांचीं ऑइल सीलें असतात. त्यांची किंमत किरकोळ; पण तेथवर पोंचावयास पुली, झांकण, पट्टा, सर्व कांहीं उतरावें लागतें. सील पाझरलें कीं तेल पट्ट्यावर येतें, आणि तेलानें तें रबर लवकर खराब होतें. यास्तव जाणता मिस्त्री म्हणतो, "साहेब, एवढें उघडलेंच आहे, तर सीलेंही नवीं घालूं." साहेबांस तेवढ्यांत लोभाचा वास येतो. (तो नेहमींच चुकीचा असतो असेंही नव्हे.) जुनें सील उचकटतांना शाफ्टवर ओरखडा उठला तर नवेंही गळेल, नव्याच्या ओठास बसविण्यापूर्वीं तेलाचें बोट लावावें लागतें, पट्टा चढविल्यावर इंजिन हातानें दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा जुळतात कीं नाहीं, हें पुन्हां पाहावें लागतें. हें केलें काय, न केलें काय, झांकण बसल्यावर मालकास दोन्ही सारखेंच दिसतें.

मिस्त्र्याच्या सचोटीविषयीं आपण सर्वच तावातावानें बोलतों. मालकाची पाळी येते ती गाडी विकावयास काढल्यावर. पट्ट्याची मुदत संपली आहे हें त्यास ठाऊक असतें. गिऱ्हाईक एक चक्कर मारून येतें. गाडी सुरेख चालते. "चालू स्थितींत आहे, तुम्हीच पाहिलीत ना?" यांत एक अक्षर खोटें नाहीं. मग लबाडी झाली कीं नाहीं?

घेणाऱ्यानें डोळे उघडे ठेवावे, असें कोणी म्हणेल. टायराच्या बाबतींत हें आम्ही मान्य करूं. झिजलेला टायर कोणासही दिसतो. पट्टा मात्र झांकणाखालीं आहे, आणि त्याची मुदत केवळ मालकाच्या स्मरणांत आहे. जेथें दुसऱ्याची दृष्टि पोंचूंच शकत नाहीं, तेथें जाणणाऱ्याचें मौन खोट्या साक्षीहून फारसें निराळें उरत नाहीं. तो पट्टा एखाद्या घाटांत, मागें मुलें बसलेलीं असतांना तुटेल, हाही विचार मालकाच्या मनांत येऊन गेलेलाच असतो.

पट्टा बदलूनच गाडी विकावी, असा आमचा आग्रह नाहीं, सांगावें, एवढेंच. सांगणाऱ्याचें नुकसान होतें हें खरें. गिऱ्हाईक पट्ट्याच्या खर्चाहून अधिक रक्कम कापून मागतें, आणि न सांगणारा शेजारी पूर्ण भाव घेऊन मोकळा होतो. हें नुकसान पुढें कोठें तरी भरून निघतें, असें आश्वासन आम्हांस देतां येत नाहीं.

कांहीं मिस्त्री पट्टा बदलल्याची तारीख व किलोमीटरचा आंकडा चिठ्ठीवर लिहून ती बॉनेटखालीं चिकटवितात. ती बहुधा गाडीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाच्याच उपयोगीं पडते.