दुखणं आणि खाडा

कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीतून सकाळच्या पाळीला गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीकडे निघणाऱ्या अनेकांचं काम कंत्राटी असतं. हजेरी लागली तर पगार, खाडा पडला तर हात रिकामे. म्हणून फौंड्रीतल्या माणसाची कंबर धरली की तो आधी बाम चोळतो, डॉक्टर नंतर. घरात बोलतही नाही. दुखणं अंगावर काढता काढता एक दिवस अंथरूणच धरतो.

अशा वेळी दोन गोष्टींचा आधार असतो. पहिली, पगाराची चिठ्ठी. तिच्यात ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, कपात दिसते का, ते पाहा. १९४८ च्या कायद्यानं आलेला हा विमा कंत्राटी कामगारालाही मिळतो. अटी पुऱ्या झाल्या, तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम हाती येते.

दुसरी, घरातलं मोकळं बोलणं. वाण्याची उधारी किती, बचत गटाचा हप्ता कधी, हे सगळ्यांनी मिळून मांडलं की भार वाटला जातो. चार दिवस बायको कमावती झाली आणि नवऱ्यानं बसल्या बसल्या भाजी निवडली, तर त्यात कमीपणा कसला? दुखणं लपवून घर चालत नाही; सांगितलं, तर निदान वाट सापडते.