ज्यांच्यावर आपण शिकलो

समाजकार्य महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांची सभा बाहेरच्या कुणी पाहिली, तर ही माणसं एकाच वर्गात शिकली यावर त्याचा विश्वास बसणार नाही. एक जण सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक. त्याच्या शेजारी कुटुंब न्यायालयातली विवाह समुपदेशक. पलीकडे कडक इस्त्रीच्या शर्टातला एचआरवाला. पाचशे किंवा त्याहून अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी हवाच, असं १९४८ च्या कारखाना कायद्याने ठरवलं आणि समाजकार्याच्या कितीतरी पदवीधरांच्या चुली त्यावर पेटल्या. २०१३ च्या कंपनी कायद्यानंतर त्यांत सीएसआरवाल्यांची भर पडली. मागच्या रांगेत संस्थावाले. त्यांचा पुढचा प्रकल्प मंजूर होईल की नाही, हे बहुधा पुढच्या रांगेतल्यांच्या हाती असतं. म्हणून चहाच्या वेळी दोन्ही रांगा फार प्रेमाने एकमेकींत मिसळतात.

परवाच्या अशाच एका सभेत व्याख्यान होतं समाजकार्याच्या प्रशिक्षणावर. व्याख्यान संपलं आणि नेहमीचा प्रश्न आला. दुसऱ्याला मदत करायला पदवी कशाला लागते? बाबा आमटे कुठे एमएसडब्ल्यू होते?

वक्त्या बाई मुरलेल्या होत्या. म्हणाल्या, नव्हते, वकील होते. पण कुष्ठरोग्यांसाठी काम करायचं ठरल्यावर ते कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन तो रोग शिकून आले. कळवळा होताच, तरी शिकायला गेले.

ही गोष्ट जुनीच आहे. अमेरिकेत धर्मादाय संस्थांत काम करणाऱ्या मेरी रिचमंड यांनी १८९७ मध्ये अशा कामासाठी रीतसर शाळा हवी, अशी मागणी केली आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग भरला. आपल्याकडे १९३६ साल उजाडलं. सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क हे त्या शाळेचं लांबलचक नाव. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. तिचा पहिला पत्ता मला फार महत्त्वाचा वाटतो. देवनारचा हिरवा परिसर १९५४ मध्ये आला. सुरुवात झाली ती नागपाड्याच्या नेबरहुड हाउसमध्ये, क्लिफर्ड मॅनशार्ड्ट या अमेरिकन मिशनऱ्याच्या पुढाकाराने. कामाठीपुरा लागूनच. वर्ग आणि वस्ती यांच्यात एका जिन्याचं अंतर.

पुढे पुण्यात, नागपुरात, जिल्ह्याजिल्ह्यांत महाविद्यालयं निघाली आणि ते अंतर वाढलं. ते भरून काढायचं काम फील्डवर्ककडे आलं. आठवड्यातले दोन दिवस वस्तीत, रुग्णालयात नाहीतर बालगृहात जायचं, आल्यावर रेकॉर्डिंग लिहायचं आणि सुपरवायझरसमोर बसायचं. या धंद्यातलं खरं शिक्षण त्या वहीत होतं, असं माझं मत आहे. ‘बाई दुःखी वाटल्या’ असं लिहिलं, की खाली लाल पेनाने प्रश्न यायचा: बाई काय म्हणाल्या? तुम्ही काय विचारलं होतं? त्या गप्प बसल्यावर तुम्ही लगेच का बोललात? दुसऱ्याचं दुःख ऐकता ऐकता आपण आपलीच अस्वस्थता शमवत असतो, हे विशीतल्या पोराला कुणी वर्गात सांगून पटत नाही. स्वतःच्या अक्षरात वाचल्यावर पटतं.

बाईंनी हे सगळं छान मांडलं. पण एक माणूस त्यांच्या मांडणीत आलाच नाही, आणि तो सभागृहातही नव्हता: ज्याच्या दारात हे शिक्षण झालं तो.

वस्तीच्या बाजूने हे बघा. पावसाळ्यात नवी मुलं येतात. घरात माणसं किती, रेशनकार्ड आहे का, पाणी किती वाजता येतं, मालक पितो का? मागच्या वर्षीच्या ताईंना सगळं सांगितलंय की, असं एखादी म्हणते, आणि तरी पुन्हा सांगते. वर चहा टाकते. उन्हाळा लागला की परीक्षा, आणि मुलं जातात. पुस्तकात या जाण्यालाही एक पायरी दिलेली आहे. संबंध कसे हळूहळू सोडवत आणावेत याचं प्रकरणच असतं. सोडवणारा पदवी घेऊन निघतो. ती तिथेच असते, पुढच्या पावसाळ्यातल्या मुलांसाठी.

वैद्यकीय महाविद्यालयांत निदान काही रीत आहे. देहदान केलेल्याचा मान राखण्याची शपथ पहिल्या वर्षाची मुलं अनेक ठिकाणी घेतात. शिकाऊ डॉक्टरांच्या हाताखालून जाणाऱ्या सरकारी रुग्णालयातल्या रोग्याला स्वस्तात उपचार तरी मिळतात. आपला घरसंसार उलगडून दाखवणाऱ्या बाईला काय मिळतं? कधीकधी पुष्कळ मिळतं, हेही खरं. छळ झालेल्या स्त्रियांसाठी मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात १९८४ मध्ये विशेष कक्ष उघडला, तो टाटा संस्थेच्याच पुढाकाराने. १०९८ हा मुलांचा दूरध्वनी क्रमांक १९९६ मध्ये तिथल्याच एका प्रकल्पातून सुरू झाला. ही कामं उभी राहिली, कारण शैक्षणिक वर्ष संपलं तरी कुणीतरी तिथून हललं नाही. मात्र दरवर्षी पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्यांच्या संख्येपुढे अशी कामं थोडीच.

आभारापूर्वी पुढच्या मेळाव्याचे विषय निघाले. शिष्यवृत्ती निधी, सभासदांची सूची, स्नेहभोजन. तेव्हा मागच्या रांगेतून एका बाईंनी सुचवलं, की पुढच्या वेळी वक्ता बाहेरून आणू नये. आपल्या जुन्या फील्डवर्कच्या वस्तीतल्या दोघा-तिघांना व्यासपीठावर बसवावं आणि आपण कसे शिकाऊ होतो, ते त्यांच्या तोंडून ऐकावं. मानधन इतर वक्त्यांइतकंच द्यावं.

थोडा हशा झाला. त्या लोकांना अवघडल्यासारखं होईल हो, असं पुढून कुणीतरी म्हणालं. त्यांना नाही, आपल्याला होईल, असं बाई म्हणाल्या. मग बरीच चर्चा झाली आणि विषय कार्यकारिणीकडे सोपवला गेला. मी कार्यकारिणीत नाही. पण त्या बाईंचा फोन नंबर घेऊन ठेवला आहे, आणि आमच्या तुकडीची वस्ती कोणती होती, तिथे आता कोण राहतं, याची चौकशी आम्ही दोघांनी सुरू केली आहे.